हिरड्यांच्या आजाराबद्दल मोबाईलवर वाचलेलं किती खरं धरायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी हिरड्यांची डॉक्टर, दवाखाना गोव्यातल्या फोंडा तालुक्यात. पूर्वी पेशंट खुर्चीवर बसायच्या आधी पिशवीतून जुनी फाइल काढायचे, आता मोबाईल काढतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती त्यांच्या पदरात पडणाऱ्या माहितीबद्दल. धादांत खोटं त्यात फार नसतं. अर्धं असतं, आणि दात ज्यावर वाचतो तो अर्धा भाग बहुतेक वेळा गळलेला असतो. खालचे प्रश्न खुर्चीवरून, फोनवरून आणि एकदा तर जत्रेच्या गर्दीत विचारले गेलेले आहेत.

मराठीत "हिरड्यांचे औषध" शोधलं की त्रिफळा चूर्ण का येतं?

आपल्या व्याकरणाची करामत. दाताभोवती असते ती हिरडी, त्रिफळ्यात पडतो तो हिरडा. अनेकवचनात दोघांचं रूप एकच, "हिरड्यांचे". शोधणाऱ्या यंत्राला तुमचं दुखणं दिसत नाही, शब्द दिसतो. म्हणून शोधताना दात सोडू नका. "दाताच्या हिरड्यांतून रक्त", "हिरडी सुजून दात हलणे" असं लिहा.

दुसरी अडचण यंत्राने केलेल्या भाषांतराची. हिरडी दातावरून मागे सरते त्याला इंग्रजीत रिसेशन म्हणतात. एका पानावर त्याची "हिरड्यांची मंदी" झालेली मी स्वतः वाचली आहे. गम म्हणजे हिरडी, तिचा डिंक होतो. रूट प्लेनिंगचं "मूळ नियोजन" होतं. प्रत्यक्षात रूट प्लेनिंग म्हणजे दाताच्या मुळावर चिकटलेलं कीटण खरवडून ते गुळगुळीत करणं. सुताराचा रंधा डोळ्यापुढे आणा, तेच. असला एक जरी शब्द दिसला तर पान बंद करा. छापण्याआधी ते कुणी वाचलेलंच नाही. मग त्यातला औषधाचा डोस तरी कुणी तपासला असेल?

ब्रश करताना रक्त येतं. एकीकडे "ब्रश थांबवा" लिहिलंय, दुसरीकडे "चालू ठेवा". कुणाचं ऐकू?

चालू ठेवा. मऊ ब्रश घ्या, हात हलका ठेवा, पण रक्त येणारी जागा चुकवू नका. ती जागा अस्वच्छ राहिली म्हणूनच तिथून रक्त येतं.

डेन्मार्कमध्ये हाराल्ड लोए यांनी १९६५ साली एक प्रयोग छापला. निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणं पूर्ण बंद करायला सांगितलं. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लावल्यावर साधारण आठवड्याभरात हिरड्या पूर्ववत झाल्या. सुजेचं मूळ दातावरच्या चिकट थरात, म्हणजे प्लाकमध्ये आहे, हे इतक्या सरळ रीतीने क्वचितच कुणी दाखवलं असेल. तरीही "रक्त थांबवण्याचे घरगुती उपाय" अशी पानं ढिगाने सापडतात. रक्त थांबवणं हे काम नाही. घर जळत असताना धुराची घंटा काढून ठेवण्यासारखं आहे ते.

अपवाद लक्षात ठेवा. न घासताही रक्त येत असेल, अंगावर निळे डाग उठत असतील किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना भेटा. गोळी मात्र मनाने बंद करू नका. आणखी एक: तंबाखू ओढणाऱ्याच्या हिरडीतून रक्त कमी येतं, कारण तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात. "रक्त येत नाही म्हणजे हिरड्या ठीक" हे त्यांच्यापुरतं खोटं आहे.

एखादं पान चांगलं की वाईट, हे पटकन कसं ओळखायचं?

माझी एकच कसोटी: त्या पानावर मिलिमीटर आहे का?

हिरड्यांचा आजार डोळ्यांनी ओळखायचा नसतो, मोजायचा असतो. हिरडी आणि दात यांच्यामध्ये एक बारीक फट असते. आम्ही तिथं खुणा असलेली बोथट सळई, प्रोब, जेमतेम २०-२५ ग्रॅम वजनाच्या दाबाने सरकवतो. एकेका दाताभोवती सहा ठिकाणी. अठ्ठावीस दात असले तर १६८ आकडे. एक ते तीन मिलिमीटर म्हणजे ठीक. चार किंवा जास्त झाले आणि तिथून रक्तही आलं की कान टवकारायचे. सहा-सात म्हणजे तुमचा ब्रश तिथं पोचतच नाही, कितीही महाग असो. त्याच्या जोडीला एक्स-रेवर हाड किती खाली गेलंय ते बघायचं.

आता मोबाईलवरचं पान उघडा. लक्षणं, कारणं, सात घरगुती उपाय, एक टूथपेस्ट. मोजण्याचं नाव नाही. अशा पानावर सुजलेली हिरडी आणि हाड झिजलेला दात एकाच दावणीला बांधलेले असतात. पहिलं दुखणं घरच्या घासण्याने आणि एका सफाईने पूर्ण बरं होतं. दुसऱ्यात गेलेलं हाड बहुतेक ठिकाणी परत येत नाही, उरलेलं राखायचं असतं. हा फरक जे पान सांगत नाही, त्यातली बाकीची वाक्यं खरी असूनही उपयोगाची नाहीत.

ऑनलाइन माहितीची कुणी रीतसर तपासणी केली आहे का?

केली आहे, आणि त्यासाठी मोजपट्ट्याही आहेत. सगळ्यात जास्त वापरली जाते ती ऑक्सफर्डमध्ये तयार होऊन १९९९ साली प्रसिद्ध झालेली डिस्कर्न. तिच्यात १६ प्रश्न असतात आणि प्रत्येकाला एक ते पाच गुण. त्यातले मला आवडणारे प्रश्न असे: माहिती कुठून घेतली ते सांगितलंय का? उपचाराचा धोका सांगितलाय का? काहीच केलं नाही तर काय होईल ते लिहिलंय का? एकापेक्षा जास्त मार्ग आहेत हे मान्य केलंय का? १९९७ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकाने याहून सुटसुटीत चार गोष्टी सुचवल्या होत्या: लेखक कोण, आधार काय, पैसा कुणाचा, तारीख कधीची. जिनिव्हातली एक संस्था चांगल्या संकेतस्थळांना हॉनकोड नावाची मोहोर द्यायची. ते काम २०२२ मध्ये बंद पडलं, त्यामुळे जुन्या पानांवर ती मोहोर अजून दिसली तरी भुलू नका.

हिरड्यांवरच्या इंग्रजी पानांची आणि व्हिडिओंची अशी तपासणी करणारे जे अभ्यास मी वाचले, त्यांचा सूर एकच आहे. दर्जा मध्यम किंवा त्याखाली, भाषा सामान्य वाचकाला जड, आणि जास्त बघितला जाणारा व्हिडिओ चांगलाच असेल असं नाही. "काहीच केलं नाही तर काय होईल" या प्रश्नावर मी दवाखान्यात स्वतः उघडून पाहिलेली पानं हमखास घसरतात. एक तर गप्प बसतात, नाहीतर थेट बत्तीशी पाडतात.

खरंच, काहीच केलं नाही तर सगळे दात पडतात का?

सगळ्यांचे नाहीत. श्रीलंकेतल्या चहाच्या मळ्यांवर ४८० मजुरांवर १९७० पासून पंधरा वर्षं नजर ठेवली होती. दात घासायची सवय नाही, दंतवैद्य नाही. लोए आणि सहकाऱ्यांनी १९८६ साली निष्कर्ष छापले. सुमारे ८ टक्के लोकांत आजार झपाट्याने वाढला, ८१ टक्क्यांत मध्यम गतीने, आणि ११ टक्क्यांत हिरडीच्या सुजेपुढे गेलाच नाही. दात तेवढेच अस्वच्छ, पण शरीरं वेगळी. "माझे आजोबा कोळसा-मीठ लावायचे, ऐंशीव्या वर्षी काजी (काजूच्या बिया) फोडून खायचे" हे मला आठवड्यातून एकदा तरी ऐकायला मिळतं. आजोबा त्या अकरा टक्क्यांतले असतील. तुम्ही कशात आहात हे मोजल्याशिवाय कळायचं नाही.

दात साफ करून घेतले की ढिले होतात, असं व्हिडिओत सांगतात.

कीटण सिमेंटसारखं दातांना धरून बसलेलं असतं. ते निघालं की दाताची खरी अवस्था समोर येते. आधीच हाड गेलेलं असलं तर दात हलतो हे तेव्हा जाणवतं. सूज उतरून हिरडी आवळली की फटी दिसतात, थंड पाणी काही दिवस झोंबतं. हे सगळं आधी समजावून सांगायला हवं होतं. ते आम्ही डॉक्टर घाईत सांगत नाही, म्हणून व्हिडिओवाल्याचं फावतं. यातली निम्मी चूक आमची.

माउथवॉश रोज वापरावा का?

इथं एक प्रसंग सांगते. एका शुक्रवारी म्हापशाचा बाजार करून एक काकी आल्या, पिशवीतून शेवग्याच्या शेंगा डोकावत होत्या. तोंड उघडलं तर पुढचे सगळे दात कडेने तपकिरी, जीभही तशीच. पान नाही, तंबाखू नाही, चहासुद्धा एक कप. त्यांनी मोबाईल पुढे केला, "बाय, तूंच वाच हें." एका पानावर क्लोरहेक्सिडीनच्या माउथवॉशबद्दल लिहिलं होतं: सकाळ-संध्याकाळ, दहा मिलिलिटर, अर्धा मिनिट. सगळं बरोबर. किती दिवस, एवढंच नव्हतं. काकींनी आठ महिने इमानेइतबारे चुळा भरल्या होत्या. मासळीची चव लागत नाही म्हणून सुनेच्या हातच्या हुमणाला नावं ठेवत होत्या.

हे औषध चांगलं आहे, पण साधारण दोन आठवड्यांपुरतं, डॉक्टरांनी सांगितलं तर. दातांवर डाग, चवीत फरक हे त्याचे ठाऊक असलेले परिणाम आहेत. काकींचे डाग पॉलिश करून निघाले. ते पान मात्र अजून तसंच आहे. मी तिथं दोनदा लिहून कळवलं, उत्तर नाही.

तुरटी, पेराची (पेरूची) पानं, तेलाची चूळ, फेणीची चूळ?

कोमट मिठाच्या पाण्याने बरं वाटतं, जरूर घ्या. पेराची पानं चावल्याने हिरडी आवळल्यासारखी वाटते. तेलाच्या चुळांवर काही छोटे अभ्यास आहेत, पण ब्रशची जागा घेईल असं त्यांत काही नाही. फेणीने दुखरा दात घटकाभर बधिर होतो, आजार जागच्या जागी. यातलं काहीही कडक झालेलं कीटण काढत नाही, आणि पाच मिलिमीटर खोल फटीत उतरत नाही. नुकसान चुळीने होत नाही, चुळीवर काढलेल्या वर्षांनी होतं.

लिंबू-सोड्याचं तेवढं करू नका. दाताचं वरचं कवच पीएच ५.५ च्या आसपास विरघळू लागतं, लिंबाचा रस दोन-तीनच्या घरात. दात पांढरे दिसतात ते काही दिवस, नंतर आतला पिवळा थर वर येतो आणि तो कायमचा. कीटण काढायची लोखंडी हत्यारं ऑनलाइन मागवून आरशासमोर बसणाऱ्यांनाही हेच सांगणं आहे. हिरडी फाटते, आणि वरचं कीटण निघालं तरी खालचं राहतंच.

आई मशेरी लावते. "तंबाखू खाता का" या प्रश्नाला ती नाही म्हणते.

कारण तिच्या लेखी ते दात घासणं आहे. मशेरी म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड. दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला भारत सरकारने १९९२ साली बंदी घातली. पण घरच्या तव्यावर भाजायला कोण अडवणार?

ऑनलाइन माहितीतलं सगळ्यात मोठं भोक मला इथं दिसतं. २०१८ साली जगभरासाठी हिरड्यांच्या आजाराचं नवं वर्गीकरण आलं. त्यात तंबाखूचा हिशोब दिवसाला दहा सिगारेटींच्या आत की वर, असा आहे. बहुतेक पानं तेच उचलतात. पेडणे किंवा सत्तरी तालुक्यातल्या वाड्यावरची बाई ते वाचते तेव्हा त्यात तिला स्वतःचं काही सापडत नाही. सिगारेट तिने उभ्या जन्मात धरलेली नसते. मशेरी जिथं घासली जाते तिथं हिरडी मागे सरते, मूळ उघडं पडतं. पांढरा चट्टा दिसला तर तो पुढे कर्करोगाकडे जाऊ शकतो, म्हणून लगेच दाखवायचा. आईला विचारताना "तंबाखू" म्हणू नका, "मशेरी लावतेस? दिवसातून किती वेळा?" असं विचारा. शौचाला साफ होत नाही म्हणून लावते, असं उत्तर येईल. मग औषध त्याचं द्यावं लागतं.

हिरड्यांमुळे हार्ट अटॅक येतो म्हणतात. आणि शुगरचं काय?

हृदयाबद्दल जपून बोलायला हवं. दोन्ही आजार एकाच माणसात जास्त आढळतात हे खरं. पण हिरड्यांवर उपचार केल्याने हृदयविकार टळतो असा पुरावा हाती नसल्याचं अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ साली स्पष्ट म्हटलं होतं. "दात साफ करा, हार्ट अटॅक टाळा" असं लिहिणारं पान तुम्हाला घाबरवून खुर्चीवर बसवतंय.

मधुमेहाचं नातं पक्कं आहे, आणि दोन्ही बाजूंनी. साखर वाढली की हिरड्या बिघडतात, हिरड्या बिघडल्या की साखर आटोक्यात ठेवणं जड जातं. २०२२ च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक अभ्यास एकत्र करून केलेली तपासणी) हिरड्यांच्या उपचारानंतर तीन-चार महिन्यांनी एचबीए१सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा, सरासरी ०.४३ ने उतरलेला दिसला, म्हणजे ८ असेल तर साधारण ७.६. आकडा लहान वाटेल, पण गोव्यापुरता तरी तो हलका घेऊ नये. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली छापलेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचं सगळ्यात जास्त प्रमाण गोव्यात निघालं, २६.४ टक्के. साखरेचा रिपोर्ट दंतवैद्याकडे न्या, आणि हिरड्यांचा साखरेच्या डॉक्टरांकडे.

ब्लडप्रेशरसाठी ॲम्लोडिपिन घेणाऱ्यांनीही एक लक्षात ठेवावं. काहींच्या हिरड्या त्याने वाढून दातांवर चढतात. ऑनलाइन वाचून "कॅन्सर झाला" म्हणून रडत आलेले दोघे मी पाहिले आहेत. गोळी बदलता येते, पण ती लिहून देणाऱ्या डॉक्टरांनीच.

सोप्या मराठीतली माहिती कुठली, हे मोजता येतं का?

इंग्रजीसाठी फ्लेश आणि स्मॉग नावाची सूत्रं आहेत, ती वाक्याची लांबी आणि शब्दातली अक्षरं मोजतात. आपल्याकडे ती चालत नाहीत. "घरातल्यांच्यासाठी" हा लांबलचक शब्द चौथीच्या मुलालाही कळतो, आणि "शोथ" हा दोन अक्षरी शब्द पदवीधरालाही अडतो. शोथ म्हणजे सूज. मग सूजच लिहा ना! माझी पद्धत साधी आहे: पान घरातल्या साठीपुढच्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवायचं. दोनदा "म्हणजे काय?" आलं की पान नापास.

चॅटबॉटला विचारलं तर?

चालेल, पण त्याला तुमचं तोंड दिसत नाही आणि तो अडखळत नाही. न अडखळणाऱ्या माणसाला आपण जाणकार समजतो, तसंच इथंही होतं. त्याच्याकडून उत्तर घेण्यापेक्षा डॉक्टरांना विचारायचे प्रश्न तयार करून घ्या. अँटिबायोटिकचं नाव तर त्याच्याकडून मुळीच घेऊ नका. कीटण तसंच ठेवून नुसत्या गोळ्यांनी हा आजार जात नाही, आणि त्यातल्या मेट्रोनिडाझोल या गोळीबरोबर दारू चालत नाही.

वाचलेलं डॉक्टरांना दाखवलं तर ते चिडतात.

चिडतात खरे. मीही चिडले आहे. मोबाईल पुढे करण्याऐवजी तीन प्रश्न विचारून बघा: माझे आकडे किती आहेत? एक्स-रेत हाड किती खाली गेलंय? उपचारानंतर पुन्हा कधी मोजणार? खोल सफाईनंतर साधारण तीन महिन्यांनी पुन्हा मोजायचं असतं. उत्तर न देता "ऑपरेशन करून टाकू" म्हणणाऱ्याकडून उठून दुसरं मत घ्या. बांबोळीला गोवा दंत महाविद्यालय १९८० पासून आहे, तिथं हिरड्यांचा वेगळा विभाग आहे. सकाळी लवकर निघा.

हे पान तरी कुणी तपासलंय?

कुणी नाही. लेखिका दात साफ करून पोट भरते, हे ध्यानात ठेवून वाचा. टूथपेस्टवाल्यांकडून पैसे घेतलेले नाहीत. नमुने मात्र दर महिन्याला येतात आणि आम्ही ते वापरतो.

बांगड्याचा काटा हिरडीत रुतला तर भाताचा गोळा गिळायचा ना?

ऑगस्टमध्ये मासेमारी बंदी उठली की हा प्रश्न सुरू होतो, म्हणून इथं घातला. भाताचा गोळा, केळं हे सगळं घशातल्या काट्यासाठी सांगितलं जातं, आणि तिथंही डॉक्टर त्याला राजी नसतात. हिरडीतल्या काट्याला गिळून काय होणार? आधी कोमट पाण्याने खळखळून चूळ भरा. मग दोऱ्याने, म्हणजे फ्लॉसने, दाताच्या कडेकडेने हळू वर ओढा. सुई, पिन, टोकदार काडी नको. दुसऱ्या दिवशीही टोचत असेल किंवा हिरडी फुगली असेल तर या, पाच मिनिटांचं काम असतं.